धाग्यासाठी वाफ

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, परळच्या एका कापडगिरणीत साचाखात्यात सव्वीस वर्षं होते. मी वातानुकूलनाचा इंजिनिअर झालो. आम्हा दोघांचा धंदा मुळात एकच आहे, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं, आणि तेही अण्णांच्या एका प्रश्नामुळे.

१९९६ च्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागाचं काम मी करत होतो. अण्णा गावाहून आले होते, घरी बसून कंटाळले होते, म्हणून त्यांना साइटवर घेऊन गेलो. वरच्या मजल्यावरच्या यंत्रखोलीत पत्र्याच्या मोठ्या डक्टमध्ये वाफेची नळी बसवायचं काम चाललं होतं. पुण्याची हिवाळ्यातली हवा कोरडी. शस्त्रक्रियागृहात ती तशीच सोडली तर उघड्या जखमेतला ओलावा उडतो, स्थिर वीज साठते. म्हणून हवेत मोजून वाफ सोडायची. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. नळीला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "माणसांच्या खोलीत वाफ सोडता? इथे कुणाचा ताणा तुटतोय?"

मी हसलो. उत्तर मात्र नीट देता आलं नाही. माझ्या पाठ्यपुस्तकांत वाफेच्या आर्द्रीकरणाची सूत्रं होती, तक्ते होते. इतिहासाचं एक पानही नव्हतं. तो इतिहास मला पुढे कायद्यांच्या मसुद्यांत, चौकशी समित्यांच्या अहवालांत आणि बराचसा अण्णांच्या तोंडून मिळाला.

सुरुवात कापसापासून करायला हवी. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो. हे पाणी तंतूला लवचीक करतं. लोकर ओली झाली की अशक्त होते, रेयॉन तर फारच. कापूस मात्र ओला झाल्यावर अधिक बळकट होतो. ओलं धोतर फाडून पाहिलं आहे त्याला हे सांगायला नको. हवा सुकली की सूत ठिसूळ होतं, त्याचे केस उभे राहतात, साच्यावर ताणलेले हजारो ताणे एकेक करून तुटायला लागतात. त्यामुळे विणकामाच्या खात्यात ७० ते ८५ टक्के आर्द्रता हवी, असं गिरणीचं शास्त्र सांगतं. लँकेशरमध्ये कापडधंदा फोफावला त्याचं एक कारण तिथली सर्द हवा, हे आपण शाळेच्या भूगोलात पाठ केलेलं असतं. भूगोलात पुढची गोष्ट नसते. ती सर्द हवाही पुरेना, तेव्हा मालकांनी विणकामाच्या शेडमध्ये थेट बॉयलरची वाफ सोडायला सुरुवात केली.

ती का पुरेना, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आपल्याकडे येऊन पोचतो. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस लँकेशरला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस, ज्याला तिथे सरसकट 'सुरत' म्हणत, साच्यावर चढला. हे सूत विणकामाचा ताण सोसेना. त्याला जास्त खळ लावावी लागली. पण खळीची गोडी एकदा लागली आणि अमेरिकन कापूस परत आल्यावरही ती सुटली नाही, कारण खळीत आता पीठ आणि चरबीच्या जोडीला कॉर्नवॉलची चिनी माती आली होती. माती कापसापेक्षा स्वस्त. कापड वजनावर भरतं. हे मातीने जड केलेलं कापड मुख्यतः हिंदुस्थान आणि चीनच्या बाजारासाठी विणलं जाई; ब्लॅकबर्न गावाचा तर धोतरं विणणं हाच मोठा धंदा होता. पहिल्याच धुण्यात माती नदीला जायची आणि हातात जाळीदार फडकं उरायचं. बुरशी लागू नये म्हणून खळीत झिंक क्लोराइड घालत, ओल धरावी म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड. तरीही वाटेत जहाजावर बुरशी लागलीच तर तक्रारी वेगळ्या.

अशी माती माखलेला ताणा कोरड्या हवेत भाजलेल्या पापडासारखा मोडतो. विणताना मातीचा धुरळा उडतो तो वेगळाच. टॉडमॉर्डन गावच्या विणकरांनी याची तक्रार केली, तेव्हा सरकारने डॉ. जॉर्ज बुकॅनन यांना पाठवलं. त्यांचा १८७२ चा अहवाल हा या विषयावरचा पहिला महत्त्वाचा सरकारी कागद. मालकांचा उपाय सोपा होता. इंजिनाचा बॉयलर आवारातच असे. त्यावरून एक नळी काढायची, विणकरांच्या डोक्यावरून शेडभर फिरवायची, तिला जागोजागी भोकं पाडायची. झालं आर्द्रीकरण. तिथल्या भाषेत याला नुसतं 'स्टीमिंग' म्हणत. यात डिझाइन म्हणावं असं काहीच नव्हतं. नळी उघडी असल्याने ती स्वतःच शेगडीचं काम करी. लांबच्या नळीत वाफेचं पाणी होई आणि भोकांतून वाफेबरोबर गरम थेंब विणकरांच्या अंगावर पडत. पाणी कुठलं, याची विचारपूस कोण करणार? सायंकाळी अंगावरचे कपडे ओलेचिंब, आणि बाहेर इंग्लंडचा हिवाळा. खोकला आणि सांधेदुखी हे विणकरांचे सोबती झाले.

विणकरांच्या संघटना म्हणत, वाफ बंद करा. मालक म्हणत, वाफ बंद केली तर ताणे तुटतील, आणि तुमची मजुरी नगावर आहे, ती तुमचीच बुडेल. या वादातून १८८९ चा कायदा निघाला. त्याने वाफेवर बंदी घातली नाही, मोजमाप आणलं. प्रत्येक शेडमध्ये कोरड्या आणि ओल्या बल्बचं आर्द्रतामापक टांगायचं आणि कोरड्याचा आकडा अमुक असेल तर ओल्याचा तमुकच्या वर जाता कामा नये, असं कोष्टक.

हे यंत्र साधं आहे. शेजारी शेजारी दोन तापमापक. एकाच्या बल्बला मलमलीची एकेरी पट्टी गुंडाळलेली, तिचं टोक पाण्याच्या वाटीत. पट्टीतलं पाणी उडतं, उडताना उष्णता घेतं, म्हणून ओल्या बल्बचा आकडा खाली राहतो. हवा जितकी कोरडी तितका दोघांतला फरक मोठा. गिरणीतल्या माणसाचं सुखदुःख मोजायला शेवटी मलमलच वापरली गेली, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे.

पुढे रसायनशास्त्रज्ञ सर हेन्री रॉस्को यांच्या समितीने १८९७ मध्ये हवा ताजी आहे की नाही हे कार्बन डायऑक्साइडवरून ठरवा म्हणून सांगितलं, आणि दहा हजार भागांत नऊ ही मर्यादा आली. आर्द्रीकरणाचं पाणी पिण्याच्या सार्वजनिक पुरवठ्यातलं किंवा तितकंच शुद्ध असलं पाहिजे, असंही कलम कायद्यात आलं. हे कलम लक्षात ठेवा, ते पुन्हा भेटणार आहे. पण विणकरांचा त्रास काही कमी झाला नाही. मोजत होते ते चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. खरा आकडा जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवला. कॉर्नवॉलच्या खोल खाणींत आणि तापवलेल्या खोल्यांत स्वतःवरच प्रयोग करून त्याने १९०५ साली मांडलं की स्थिर हवेत ओल्या बल्बचा आकडा ८८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३१ सेल्सियसच्या वर गेला की माणसाच्या शरीराचं तापमान चढायला लागतं. कोरडा बल्ब काय दाखवतो याला तिथे फारसं महत्त्व नाही. माणूस घामाने थंड होतो. घाम उडतो की नाही हे ओला बल्ब सांगतो. एका अर्थी माणूस हाच एक ओला बल्ब आहे.

आता वाफेचा खरा दोष कळतो, आणि इथे मला माझ्या धंद्यातलं थोडं गणित करू द्या. समजा खात्यात ३० अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रता आहे. ओला बल्ब २२ दाखवेल. ही आर्द्रता ७० टक्क्यांवर न्यायची आहे. पाण्याचा बारीक फवारा मारला तर पाणी उडायला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते; हवा २६ अंशांच्या आसपास उतरते आणि ओला बल्ब होता तिथेच, २२ वर राहतो. वाफ सोडली तर ती उष्णता बॉयलरमध्ये कोळशाने आधीच भरलेली असते, दर किलोमागे सुमारे २,२६० किलोज्यूल. हवा ३० ची ३० वरच राहते, किंचित वरच जाते, आणि ओला बल्ब साडेपंचवीसवर चढतो. धाग्याला दोन्हीकडे ७० टक्केच मिळाले. विणकराला मात्र दोन वेगवेगळ्या खोल्या मिळाल्या.

१९११ च्या इंग्लिश कायद्याने मग ओल्या बल्बला धरलं: तो ७५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला की कृत्रिम आर्द्रीकरण थांबवायचं. ७५ फॅरनहाइट म्हणजे २४ सेल्सियसला थोडं कमी. हा आकडा वाचला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं. मे महिना होता, मुंबई होती. मेच्या दुपारी मुंबईच्या मोकळ्या हवेतच ओला बल्ब २७-२८ दाखवतो. लँकेशरच्या कायद्याने जी हवा विणकरासाठी धोक्याची ठरवली, तिच्याहून वाईट हवा आपल्याकडे फुकट मिळते.

आपल्याकडची पहिली यशस्वी गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. कंपनी १८५४ ची, ताडदेवला यंत्रं फिरली १८५६ साली. मुंबईत बंदर, भांडवल, रेल्वे आणि दमट हवा हे सगळं होतं. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू केली ती मात्र नागपुरात, कापसाच्या दारात. कापूस जवळ आला, पण हवा लांब गेली. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४२ वर आणि आर्द्रता वीस टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत सूत काढणं म्हणजे सरळ नुकसान. एम्प्रेस मिलमध्ये ह्युमिडिफायर लवकर आले ते यामुळे. आणि नागपूर इथे मुंबईपेक्षा नशीबवान. तिथल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं, त्यामुळे फवारा धाग्याला ओल देतो आणि माणसाला गारवाही. घरोघरच्या वाळ्याच्या ताट्यांचं आणि आजच्या कूलरचं तत्त्व तेच. मुंबईत फवारा मारला तर निम्मं पाणी उडतच नाही, जमिनीवर पडतं.

वातानुकूलन हा शब्द ज्यावरून आला तो 'एअर कंडिशनिंग' हा शब्दही कापडगिरणीतलाच, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९०६ साली अमेरिकेतल्या शार्लट इथल्या स्टुअर्ट क्रेमर या गिरणी अभियंत्याने तो वापरला, सुताला 'कंडिशन' करतात त्यावरून. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यात कागदासाठी हवा सांभाळली होती. म्हणजे हे शास्त्र आधी कागद आणि धाग्यासाठी जन्माला आलं. माणूस त्यात नंतर शिरला.

मुंबईकडे परत येऊ. गिरण्यांमधल्या आर्द्रीकरणाची स्वतंत्र चौकशी भारत सरकारने टी. मॅलोनी यांच्याकडून करवून घेतली. त्यांचा अहवाल १९२३ चा. (पुढे हेच मॅलोनी मुंबईच्या गिरणीमालक संघाचे सेक्रेटरी झाले. यातून काय अर्थ काढायचा तो वाचकांनी काढावा.) १९३१ च्या शाही कामगार आयोगानेही या प्रश्नाकडे पाहिलं, आणि १९३४ च्या कारखाने कायद्यात कृत्रिम दमटपणा आणि गारवा यांना जागा मिळाली. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याचं कलम १५ याच विषयाचं होतं. त्यात ते जुनं कलम भेटतं: आर्द्रीकरणाचं पाणी सार्वजनिक पुरवठ्यातलं, पिण्याच्या पाण्याच्या दुसऱ्या एखाद्या स्रोताचं किंवा नीट शुद्ध केलेलं असावं. लँकेशरच्या विणकरांच्या छातीने कमावलेली ओळ अर्ध्या शतकाने परळ-लालबागला येऊन पोचली.

या कायद्याखालचे नियम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चकित झालो. ते सरकारी नियम नव्हतेच, वाफेच्या ह्युमिडिफायरचं डिझाइन होतं. वाफ सोडणाऱ्या नळीचा व्यास दोन इंचांच्या वर नको, नव्याने बसवायची असेल तर एका इंचाच्या वर नको. नळी शक्य तितकी आखूड. ती ज्या हँगरवर टांगायची त्यांच्या आणि उघड्या नळीच्या मध्ये निदान अर्धा इंच उष्णतारोधक. नळीवर निरीक्षकाने मान्य केलेलं आवरण. आवरणाबाहेर वाफेचं तोंड साडेचार इंचांपेक्षा जास्त निघायला नको. दाब होईल तितका कमी, कसाही झाला तरी चौरस इंचाला ७० पौंडांच्या आत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: खात्यातला कोरडा बल्ब ८५ अंश फॅरनहाइटच्या वर असताना वाफ सोडायचीच नाही.

यातली प्रत्येक ओळ कुणीतरी अंगावर सोसलेली आहे. आवरण का, तर उघड्या नळीने शेड तापली होती. आखूड का, तर लांब नळीतून गरम थेंब पडले होते. ८५ फॅरनहाइट म्हणजे साडेएकोणतीस सेल्सियस. वर्षातला बहुतेक काळ साच्यांच्या मोटारी चालू असलेलं मुंबईचं खातं याच्या वरच असायचं. म्हणजे या एका ओळीने मुंबईत वाफ जवळजवळ हद्दपार केली. अण्णांनी खात्यात वाफ पाहिली नाही ती यामुळे. त्यांच्या काळात फवारे होते, नंतर जमिनीखालच्या बोगद्यांतून ओली हवा ढकलणारा प्लँट आला. वाफेच्या गोष्टी त्यांनी जुन्या साचेवाल्यांकडून ऐकल्या होत्या.

मी विचारलं, "म्हणजे तुमच्या वेळी बरं होतं?"

"बरं कसलं? खिडक्या बंद. कुणी उघडली की जॉबर धावत यायचा."

"मग तुम्ही लोक तक्रार नाही करायचात?"

अण्णा जरा थांबले. म्हणाले, "करायचो. पण दुपारी हवा सुकली, ताणे तुटायला लागले की मीच ओरडायचो, अरे फवारा चालू करा म्हणून. साचा बंद म्हणजे पगार बंद. घामाने जीव जातोय आणि तोंडाने ओल मागतोय, असं होतं ते."

मला वाटतं, या सगळ्या इतिहासात जी गोष्ट अहवालांना पकडता आली नाही ती हीच. बुकॅनन, रॉस्को, हाल्डेन यांनी माणसाचं शरीर मोजलं. मालकाच्या तंत्रज्ञांनी धागा मोजला. नगावरच्या मजुरीने हे दोन्ही एकाच माणसात कोंबले होते, आणि तो रोज स्वतःविरुद्ध मत देत होता. लँकेशरच्या मालकांनी हेच तर सांगितलं होतं, आणि दुर्दैव असं की ते खोटं नव्हतं.

भिंतीवरच्या त्या दोन नळ्यांच्या यंत्राबद्दल अण्णांना विचारलं. नियमाप्रमाणे त्याची दिवसातून तीनदा नोंद व्हायची. "एक कारकून यायचा. कधी तीनदा यायचा, कधी तिन्ही आकडे एकदाच लिहून जायचा. वाटीत पाणी नसलं तर फडकं सुकायचं, मग दोन्ही नळ्या सारख्याच दिसायच्या." मी कपाळाला हात लावला. सुकलेला ओला बल्ब कोरड्याइतकाच आकडा दाखवतो, म्हणजे कागदावर शंभर टक्के आर्द्रता. असा आकडा वहीत कुणी लिहिला असेल की शहाणपणाने दोन-तीन अंश कमी करून, ते देव जाणे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अण्णांची गिरणी पुन्हा धडपणे चालू झाली नाही. वह्या रद्दीत गेल्या असणार.

राहिला प्रश्न रुग्णालयातल्या वाफेचा. गिरणीतून हाकललेली वाफ परत आली ती फवाऱ्याच्या पापामुळे. साठलेल्या पाण्यात जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि फवाऱ्याबरोबर फुप्फुसात जातात. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'ह्युमिडिफायर फिवर' हे दुखणं ओळखलं गेलं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉटेलात लीजनेअर रोगाची साथ आली, तेव्हापासून इमारतींतल्या उघड्या पाण्याकडे इंजिनिअर संशयाने पाहू लागले. वाफेत जंतू जगत नाहीत. पण आजची नळी लँकेशरची नाही. तिच्याभोवती वाफेचंच आवरण असतं, म्हणून आत पाणी धरत नाही. आधी एका भांड्यात वाफेतलं पाणी वेगळं काढतात. आतली तोंडं नळीच्या मध्यभागातून वाफ उचलतात, कडेचा थेंब बाहेर येत नाही. नळीपासून डक्टमधल्या पुढच्या वळणापर्यंत वाफ हवेत विरण्याइतकं अंतर सोडावं लागतं, नाहीतर पत्रा घामेजतो. पंखा बंद पडला की वाफ आपोआप बंद. आणि उष्णता? ती आजही वाफेबरोबर येतेच. फरक इतकाच की पुढे तिला उचलणारं थंड पाण्याचं कॉइल असतं. अण्णांच्या खात्यात ते नव्हतं.

पाण्याचा प्रश्न इथेही सुटला नाही. बॉयलर गंजू नये म्हणून त्यात अमाइन रसायनं घालतात आणि ती वाफेबरोबर हवेत येतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत संग्रहालयातल्या वस्तूंवर ती जमलेली सापडली, माणसांचे डोळे चुरचुरले. म्हणून चांगल्या कामात बॉयलरची वाफ सरळ सोडत नाहीत. तिच्या उष्णतेवर दुसऱ्या भांड्यात स्वच्छ पाणी उकळतात आणि ती वाफ देतात. पुण्याच्या त्या रुग्णालयात हे दुसरं भांडं खर्च वाढतो म्हणून यादीतून काढलं जाणार होतं. बैठकीत मी ते अडवून धरलं. कारण विचारलं तेव्हा मी अमाइनबद्दल बोललो, लँकेशरबद्दल नाही. भांडं राहिलं.

चाचणीच्या दिवशी अण्णा पुन्हा आले होते. डिजिटल मापक ५५ टक्के दाखवत होता. माझ्या पेटीत हाताने फिरवायचं जुनं आर्द्रतामापक होतं, ते मी पडताळ्यासाठी काढलं. अण्णांनी ते माझ्या हातातून घेतलं, ओल्या बल्बची पट्टी दोन बोटांत धरून पाहिली. "सुकलंय की रे फडकं," म्हणाले, आणि पाण्याची बाटली मागितली.